टोमणा खाली जातो, उपरोध वर जातो

(आपल्या रेडिओवर झालेलं भाषण. घोटावडे, ता. मुळशी, जि. पुणे)

कुणाच्या भाकरी चालल्या असतील, कुणाची भांडी राहिली असतील. हातातलं काम चालू ठेवा, कान तेवढे इकडे द्या.

आज मी हसण्याबद्दल बोलणार आहे. त्याला कारण घडलं ते आधी सांगते. आमच्या बचत गटाची मासिक बैठक होती. हप्ते जमा झाले, वही लिहून झाली, चहा आला. बोलता बोलता एकीनं आमच्यातल्या एका ताईंना म्हटलं, “तुझं बरं हाय बाई, कुठं निघालीस म्हणून इचारायला घरात कुणी न्हाय.” सगळ्या हसल्या. मीही हसले. ज्यांना म्हटलं त्या ताईसुद्धा हसल्या. त्यांचे मालक चार वर्षांपूर्वी गेले. दोन मुलं, थोडी भातखाचरं आणि पिरंगुटच्या बाजूला एका कारखान्यात कॅन्टीनचं काम, एवढ्यावर त्यांनी घर उभं ठेवलंय.

पुढच्या महिन्यात ताईंनी बचतीचे पैसे मुलीच्या हाती पाठवले. त्याच्या पुढच्या महिन्यातही मुलगीच आली. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की आपण हसलो आणि एक बाई गटातून उठून गेली.

म्हणून मी विचार करायला लागले. हसणं वाईट नाही. हसल्याशिवाय आपले दिवस जाणार कसे? मग चुकलं काय? विचार करता करता मला हसण्याचे दोन प्रकार दिसले. एक टोमणा, दुसरा उपरोध.

टोमणा आपल्या ओळखीचा आहे. तो सासूकडून सुनेकडे जातो, मोठ्या जावेकडून धाकटीकडे, सधवेकडून विधवेकडे, मुलगे असलेलीकडून मुली असलेलीकडे. म्हणजे पाण्यासारखा, नेहमी खाली. ज्याला उलट बोलता येत नाही त्यालाच तो लागतो.

उपरोधाची वाट उलटी आहे. तो वर जातो. तोंडानं कौतुक करायचं आणि आतून चिमटा काढायचा. समजा गावात नळ बसवला, पण त्याला पाणीच नाही. एखादी बाई भर सभेत उभी राहून म्हणाली, “नळ लई झकास बसवलाय, कपडे वाळत घालायला कामाला येतो,” तर सभा हसेल. पण ते हसणं कुणा गरिबावर नसेल. ज्यांच्या हातात काम करणं आहे आणि जे करत नाहीत, त्यांच्यावर असेल. असं बोलून झाल्यावर गप्प बसणं त्यांनाही अवघड जातं.

आपल्याला हे नवीन नाही. एकनाथ महाराजांची भारुडं आपण जत्रेत, सप्त्यात ऐकत आलोय. ढोंगी, लोभी, अहंकारी माणसांची त्यांत कशी फिरकी घेतलेली असते! हीच गोष्ट पुढे छापील पुस्तकांत आली. त्यातल्या एका कादंबरीची ओळख आज करून देते. तिचं नाव ‘पण लक्षांत कोण घेतो?’, लेखक हरि नारायण आपटे.

आपट्यांचा जन्म १८६४ सालचा, खानदेशातल्या पारोळ्याचा. आयुष्य गेलं पुण्यात. १८९० मध्ये त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक सुरू केलं आणि त्यात ही कादंबरी थोडी थोडी छापली. आज आपण टीव्हीवर मालिका बघतो, उद्या काय होईल म्हणून वाट बघतो, तसंच. नाव करमणूक, पण गोष्ट मात्र मन भाजणारी.

गोष्ट आहे यमूची. पुण्यातल्या ब्राह्मण घरातली मुलगी. ती आपल्या लहानपणापासूनची हकीकत स्वतः सांगते. भाऊ, आई, कडक स्वभावाचे वडील, आजी. तिची दुर्गी नावाची मैत्रीण आहे, तिला नवरा वाईट मिळालाय. पुढे यमूचं लहान वयातच लग्न होतं. नशिबानं नवरा, रघुनाथराव, चांगला निघतो. तो तिला लिहायला-वाचायला शिकवतो, मुंबईला नेतो. थोडे दिवस सुखाचे जातात. मग रघुनाथराव वारतात आणि यमू विधवा होते. त्या काळच्या चालीप्रमाणे विधवेचं केशवपन करायचे, म्हणजे डोकं भादरायचे. यमूला ते नको असतं. तरी घरातली वडीलधारी माणसं जबरदस्तीनं ते करवतात.

आता तुम्ही म्हणाल, ही तर रडायची गोष्ट झाली, यात हसणं कुठे आलं? तेच सांगते. आपट्यांनी यात तीन युक्त्या केल्यात. उपरोध कसा चालतो, हे त्यांवरून नीट कळतं.

पहिली युक्ती भाबड्या आवाजाची. गोष्ट लेखक सांगत नाही, यमू सांगते. सुरुवातीला ती लहान मूल आहे. मोठी माणसं म्हणतात ते खरंच असणार, असं तिला वाटतं. ती कुणाला नावं ठेवत नाही, जे दिसतं ते सांगत जाते. वडिलांचा आवाज आला की घर कसं चिडीचूप होतं, आई कशी दबून असते, हे ती सांगते. तिला त्यात चूक दिसत नाही, पण आपल्याला दिसते. आपण मनात म्हणतो, “अगं पोरी, हे बरोबर नाही!” लेखकानं एक शब्द न बोलता आपल्या तोंडून ते वदवलेलं असतं. कुणी आपल्याला उपदेश केला तर आपण कान बंद करतो. पण जे आपल्याच तोंडून आलं, ते कसं नाकारणार?

गंमत बघा. त्याच काळात सातासमुद्रापलीकडे अमेरिकेत मार्क ट्वेन नावाचा लेखक हेच करत होता. हकलबरी फिन नावाच्या एका उनाड पोराच्या तोंडून त्यानं गोष्ट सांगितली. पुस्तक आलं १८८४-८५ मध्ये. गोष्टीचा काळ मात्र थोडा आधीचा, तिकडे काळ्या माणसांना गुलाम म्हणून विकत घेत असत तेव्हाचा. हक हा दारुड्या बापाला कंटाळून पळालेला मुलगा. त्याला जिम नावाचा पळून आलेला गुलाम भेटतो आणि दोघं तराफ्यावरून मोठ्या नदीतून प्रवास करतात. हकला लहानपणापासून शिकवलेलं असतं, की दुसऱ्याचा गुलाम पळवायला मदत करणं ही चोरी आहे, पाप आहे. त्याला ते खरंच वाटतं. तरी शेवटी तो ठरवतो, नरकात गेलो तरी चालेल, पण जिमला धरून देणार नाही. वाचणाऱ्याला हसू येतं आणि डोळ्यांत पाणीही येतं. हे पोर स्वतःला पापी समजतंय, आणि अख्ख्या गावात माणुसकीनं वागणारं तेच एक आहे! चूक त्या पोराची नाही, त्याला शिकवणाऱ्या समाजाची आहे. हे लेखक सांगत बसत नाही, आपणच ते ओळखतो. हा ट्वेन पुढे १८९६ मध्ये हिंदुस्थानात आला होता, मुंबईत त्याची भाषणं झाली. तर यमू आणि हक दोघं जवळपास एकाच काळातली. एक पुण्याची, एक अमेरिकेची. पण दोघांचं बोलणं एकाच जातीचं.

दुसरी युक्ती, बोलणं आणि वागणं शेजारी शेजारी मांडायचं. यमूच्या सासरी शंकरमामंजी म्हणून एक गृहस्थ आहेत. धर्म, सोवळंओवळं, घराण्याची अब्रू, हे शब्द सतत त्यांच्या तोंडी. आणि वागणं? स्वार्थी आणि निष्ठुर. लेखक त्यांना ढोंगी म्हणून शिक्का मारत नाही. आधी त्यांना बोलू देतो, मग वागू देतो. दोन्ही एकाखाली एक ठेवलं की आपोआप वजाबाकी होते. आपल्या गटाच्या वहीत जमा आणि नावे शेजारी लिहितो ना, तसंच. खोटं कुठं आहे ते कुणी ओरडून सांगावं लागत नाही, आकडेच सांगतात.

तिसरी युक्ती मला सगळ्यात धारदार वाटते. एकच नियम दोघांना लावून बघायचा. गोष्टीत यमूची आई जाते. मग वडील काय करतात? दुसरं लग्न, तेही अगदी कोवळ्या मुलीशी. लोक म्हणतात, बरं झालं, घराला बाई हवीच. पुढे यमूचा नवरा जातो. मग यमूला काय मिळतं? वस्तरा. बाईच्या मागे पुरुषाला मुंडावळ्या, पुरुषाच्या मागे बाईला वस्तरा. या दोन गोष्टी एकाच पुस्तकात आल्या, की वाचणारा आपोआप थबकतो.

ही तिसरी युक्ती आपट्यांच्याही आधी एका बाईनं वापरली होती, हे तुम्हाला ऐकून बरं वाटेल. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. १८८१ मध्ये सुरतेला विजयालक्ष्मी नावाच्या एका तरुण विधवेवर खटला झाला. तिला मूल झालं होतं आणि लोकलाजेपायी तिनं ते मारलं होतं. वर्तमानपत्रांतून बायकांवर, त्यांच्या चालचलणुकीवर तोंडसुख घेणं सुरू झालं. ताराबाईंना ते सहन झालं नाही. १८८२ मध्ये त्यांनी पुण्यात एक छोटं पुस्तक छापलं, ‘स्त्री-पुरुष तुलना’. बायकांना जे जे दोष लावतात, ते एकेक करून घेतले आणि पुरुषांपुढे आरसा धरला. बाई चंचल म्हणता, मग तुमचं काय? बाई कपटी म्हणता, मग तुमचं काय? असा त्यांचा रोख. भाषा अशी तिखट की आजही वाचताना जीभ भाजते. त्यांच्यावर टीकेची झोड उठली. जोतिराव फुल्यांनी मात्र १८८५ मध्ये ‘सत्सार’मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे ते पुस्तक लोक विसरले. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापून आणलं, म्हणून आज आपल्याला ते मिळतं.

आता काही जणी मनात म्हणत असतील, हे केशवपन बामणांच्या घरातलं, आपल्याला काय त्याचं? खरं आहे. आपल्याकडे बऱ्याच जातींत विधवेचा पाट लावायची रीत होती. डोकं भादरत नव्हते. पण बांगड्या फोडत होते की नाही? कुंकू पुसत होते की नाही? लग्नात हळद लावायला पुढं आली तर मागं ओढत होते की नाही? आणि मी ‘होते’ म्हणतेय ते तरी किती खरं? वस्तरा गेला, पण त्याची धार आपल्या जिभेवर राहिली. माझ्याही. त्या दिवशी चहा पिताना मी हसले, ती धार तीच.

मग प्रश्न येतो, असल्या लिहिण्याचा उपयोग होतो का? एका पुस्तकानं चाल बंद पडत नाही. विधवेला पुन्हा लग्न करायची मोकळीक देणारा कायदा १८५६ मध्येच झाला होता, तरी आपट्यांनी यमूची गोष्ट लिहिली तेव्हा चौतीस वर्षांनीही घराघरांत वस्तरा चालूच होता. कायदा कागदावर असतो. माणसाला लाज वाटायला दुसरं काही तरी लागतं. ते काम अशा लिहिण्यानं केलं. तेही एकट्यानं नाही. १८९० मध्येच पंडिता रमाबाईंचं शारदा सदन मुंबईहून पुण्याला आलं, तिथं विधवा मुली शिकू लागल्या. त्यांतल्याच गोदूबाईंशी १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी लग्न केलं. मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधवांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही असं ठरवलं. कुणी शाळा काढली, कुणी लग्न केलं, कुणी वस्तरा खाली ठेवला, कुणी गोष्ट लिहिली.

१८९९ मध्ये गोविंद बल्लाळ देवल यांनी ‘संगीत शारदा’ हे नाटक आणलं. त्यात पैशासाठी मुलगी म्हाताऱ्याला द्यायला निघालेल्या बापाचं नाव कांचनभट, म्हणजे सोन्याच्या मागे लागलेला. आणि बोहल्यावर चढायची हौस असलेल्या म्हाताऱ्याचं नाव भुजंगनाथ. नावातच चिमटा! लोक त्या म्हाताऱ्याला हसले. इथं हसू त्या पोरीवर नाही, तिला विकणाऱ्यावर आणि विकत घेणाऱ्यावर आहे. पुढे १९२९ मध्ये मुलींच्या लग्नाचं वय किमान चौदा करणारा कायदा झाला, त्याला लोक ‘शारदा कायदा’ म्हणतात. ते नाव नाटकावरून नाही, हरविलास सारडा यांच्यावरून आलंय. पण आपल्याकडच्या लोकांना दोन्ही एकच वाटावीत, यातच नाटक किती मनात बसलं होतं ते कळतं.

आणि अगदी परवाचं सांगते. कोल्हापूर जिल्ह्यात शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचं गाव आहे. तिथल्या ग्रामसभेनं मे २०२२ मध्ये ठराव केला, की नवरा वारल्यावर बाईच्या बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं, मंगळसूत्र आणि जोडवी काढणं हे आमच्या गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनीही हेरवाडचं अनुकरण करावं म्हणून परिपत्रक काढलं. म्हणजे यमूच्या गोष्टीनंतर एकशेतीस वर्षांनी एका गावाला हा ठराव करावा लागला. यात आनंदही आहे आणि उपरोधही आहे, दोन्ही तुमच्या लक्षात आलं असेल.

आता आपण काय करायचं? मला सुचलेल्या दोन-तीन साध्या गोष्टी सांगते.

एक, गटात मोठ्यानं वाचन करा. ‘पण लक्षांत कोण घेतो?’ जुनं पुस्तक आहे, वाचनालयात सहज मिळतं. भाषा जुनी आहे, कादंबरी जाडजूड आहे, घाबरू नका. जिला चांगलं वाचता येतं तिनं बैठकीआधी दहा मिनिटं वाचावं, बाकीच्यांनी ऐकावं. जुन्या बायकांना ती भाषा आपल्यापेक्षा लवकर कळते, असा माझा अनुभव आहे. आजीच्या तोंडचे शब्द त्यात भेटतात.

दोन, महिला सभेत किंवा आठ मार्चच्या कार्यक्रमात छोटं नाटुकलं बसवा. पण बसवताना स्वतःला तीन प्रश्न विचारा. आपण हसतोय कुणाला? ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला, की ज्याच्या हातात काहीच नाही त्याला? दारूवरच्या नाटकात मार खाणाऱ्या बायकोची नक्कल करून हशा घेतला, तर ते नाटक दारूविरुद्ध राहत नाही. दुसरा प्रश्न, आपण सांगतोय ते खरं आहे का? खोटं मिसळलं की समोरचा तेवढंच धरून बसतो आणि सुटतो. तिसरा प्रश्न, ज्याला चिमटा काढला त्याला सुधारायला जागा ठेवली का? त्याचं रूप, व्यंग, जात काढली तर तो सुधारणार नाही, वैरी होईल. चालीला हसा, वागण्याला हसा.

तीन, आपली जीभ तपासा. हे सगळ्यात अवघड. मी ते ताईंच्या घरी जाऊन केलं. दार उघडल्यावर काय बोलावं सुचेना. मग सरळ म्हटलं, “ताई, त्या दिवशी मी हसले ते चुकलं.” त्यांनी चहा टाकला. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “बोललेलं लागलं न्हाय वं, त्याची सवय हाय. सगळ्या एकदम हसल्या, ते लागलं.”

यंदाच्या संक्रांतीला गटानं हळदीकुंकू ठेवलं. ताईंना बोलवायचं ठरलं. दोघी-तिघी कुरकुरल्या, हे आपल्यात चालत नाही म्हणाल्या. वातावरण ताणलं गेलं. तेव्हा कोपऱ्यात बसलेल्या आमच्या सगळ्यात वयस्कर आत्या बोलल्या. शाळेची पायरी त्यांनी कधी चढली नाही, आपट्यांचं नावही त्यांना ठाऊक नाही. त्या म्हणाल्या, “व्हय, चालत न्हाय ते खरंच हाय. म्हणून तर दर महिन्याला तिचा हप्ता आपण परत करतोय न्हवं? न्हाय? तो घेताना कुणी कपाळ बघितलं न्हाय व्हय? मग वाण देतानाच बरं दिसतंय तुम्हाला!”

आधी सगळ्या गप्प झाल्या. मग हसू फुटलं. आणि ज्या कुरकुरल्या होत्या, त्यांनाही हसू आवरेना. हे हसणं ताईंवर नव्हतं. ते आमच्यावर होतं, आमच्या वहीवर आणि आमच्या रीतीवर होतं. बोलणं आणि वागणं शेजारी ठेवायचं, एकच नियम दोन्हीकडे लावून बघायचा. पुस्तकात जे दिसतं ते आत्यांनी चार वाक्यांत केलं.

त्या संध्याकाळी ताईंनी हळद लावून घेतली आणि दुसऱ्यांना लावलीही. पुढच्या बैठकीला पैसे घेऊन मुलगी आली नाही, त्या स्वतः आल्या. वहीत त्यांची सही आहे.

आपट्यांनी पुस्तकाचं नावच प्रश्न म्हणून ठेवलं. विचारून सव्वाशे वर्षं उलटून गेली. तुमच्या गटात, तुमच्या घरात या आठवड्यात कुणी टोमणा मारला तर तो कुठल्या दिशेला गेला, एवढं बघा. आणि तुमच्याही गावात अशी एखादी आत्या असेलच. तिचं बोलणं वहीत लिहून ठेवा आणि आम्हाला कळवा. पुढच्या वेळी ते सगळ्यांना वाचून दाखवीन.

आज इथंच थांबते. तुमचा दूध तापवायचा वेळ झाला असेल. नमस्कार.